आदेश मिळाला, पैसे कधी?

बिल्डरकडून ग्राहकांचे पैसे वसूल करण्यासाठी महारेराने (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने) काढलेल्या वसुली वॉरंटची, म्हणजे वसुली आदेशांची, अंमलबजावणी रखडल्याची बातमी वाचून संताप आला. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन व विकास) कायद्यातील कलम ४० नुसार बिल्डरने थकवलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणजे जप्ती आणि लिलावाचे अधिकार महसूल यंत्रणेकडे आहेतच! पण वॉरंट तहसील कार्यालयात इतर कामांखाली दबते आणि ग्राहक घरभाडे व कर्जाचा हप्ता दोन्ही भरत राहतो. मुंबई उपनगर आणि पुण्यात या वसुलीसाठी निवृत्त महसूल अधिकारी नेमले गेले. ठाणे, पालघर, रायगडसह सर्वच जिल्ह्यांत पूर्णवेळ वसुली अधिकारी हवेत, आणि वॉरंट निकाली काढण्याची मुदत शासनाने नियमांतच घालून द्यावी.

– एक सदनिकाधारक, पनवेल