बर्लिन म्हणून विकले, वार्नेम्युंडेला उतरवले : बाल्टिक क्रूझ सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बाल्टिक क्रूझ सहलीच्या माहितीपत्रकातील दिशाभूल करणारी माहिती व परताव्याची मागणी

महोदय,

माझे पती, माझे वडील आणि मी असे तिघे यंदाच्या जून महिन्यात, म्हणजे २०२५ च्या हंगामात, आपल्या कंपनीच्या बाल्टिक क्रूझ सहलीला गेलो होतो. जहाजाबद्दल माझी तक्रार नाही. केबिन स्वच्छ होती, जेवण उत्तम होते आणि आपल्या टूर मॅनेजरने वडिलांची घरच्यासारखी काळजी घेतली. तक्रार आहे ती आपल्या कार्यालयात बसून आम्हाला जे विकले गेले त्याबद्दल. माहितीपत्रकात मोठ्या शहरांची नावे होती आणि जहाज लागले ते दुसऱ्याच गावांना. कोणत्या बंदरात जहाज लागणार हे बुकिंग घेतानाच आपल्याला माहीत होते. आम्हाला मात्र ते कोणी सांगितले नाही.

सगळ्यात मोठी फसगत बर्लिनची. 'दिवस पाचवा : बर्लिन' एवढेच छापले आहे. बर्लिनला समुद्र नाही. जहाज लागते जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या वार्नेम्युंडे या बंदराला, आणि तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. बसने जायला तीन तास, यायला तीन तास. माझे वडील शहात्तर वर्षांचे, मधुमेही, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. १९६१ मध्ये उभी राहिलेली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झालेली, पूर्व आणि पश्चिम बर्लिनला विभागणारी ती भिंत त्यांनी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. या सहलीचे पैसे भरले ते मुख्यतः त्यांच्यासाठी. बर्लिनमध्ये आम्हाला जेमतेम पाच तास मिळाले आणि त्यातला दीड तास भारतीय जेवणात गेला. ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी फोटोपुरते थांबलो. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या होलोकॉस्ट स्मारकाचे ते २७११ काँक्रीटचे ठोकळे बसच्या काचेतून पाहिले, तेही सिग्नल लागला होता म्हणून. ईस्ट साइड गॅलरीपाशी, म्हणजे त्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्यापाशी, भिंतीला हात लावून वडील नुकतेच चालायला लागले होते, तोवर 'चला, चला, उशीर होतोय' अशी हाक आली. भिंतीचा तो तुकडा सव्वा किलोमीटरहून लांब आहे, त्यांना त्यातले पन्नास पावलेही मिळाली नाहीत. रात्री जहाजावर परतलो तेव्हा त्यांचे पाय इतके सुजले होते की बूट काढताना मला नाडी पूर्ण ओढून काढावी लागली.

याच पानावर आपण बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयातील, प्राचीन बॅबिलोनच्या इश्तार दरवाज्याचे मोठे रंगीत छायाचित्र छापले आहे. हे संग्रहालय नूतनीकरणासाठी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. २०२५ च्या सहलीसाठी आपण ते छायाचित्र वापरलेत. याला छपाईची चूक म्हणता येणार नाही.

मला अधिक वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. वार्नेम्युंडेहून लोकल गाडीने वीसेक मिनिटांत रॉस्टॉक येते. तिथल्या मारियेनकिर्शे या चर्चमध्ये १४७२ सालचे खगोलीय घड्याळ आहे, ते आजही चालते. त्याची दिनदर्शिकेची तबकडी २१५० सालापर्यंतची आहे आणि दुपारी बारा वाजता वरच्या बाजूला येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात. खुद्द वार्नेम्युंडेत जुन्या कालव्याकाठी मासेमारीच्या होड्या लागलेल्या असतात, दीपगृह आहे, रुंद पांढरी पुळण आहे. हे सगळे धक्क्यापासून चालत जाण्याजोगे. आमच्याच जहाजावरचे एक वयस्क जोडपे रॉस्टॉक पाहून दुपारी निवांत परतले, संध्याकाळी त्यांनीच आम्हाला हे सांगितले. हा पर्याय आपण आमच्यापुढे ठेवला असता तर वडिलांनी तोच निवडला असता. निवड करायला आधी माहिती लागते आणि ती आपण दिली नाहीत.

स्टॉकहोमचेही तेच. जहाज थांबले निनेसहाम्नला, राजधानीच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर. माहितीपत्रकात 'हजारो बेटांमधून स्टॉकहोममध्ये प्रवेश' असे वाक्य आहे. जी जहाजे थेट शहराच्या धक्क्याला लागतात ती बेटांच्या दाटीतून काही तास जातात आणि त्या प्रवासासाठी लोक पहाटे डेकवर येऊन उभे राहतात. निनेसहाम्नला थांबणाऱ्या जहाजाच्या वाट्याला ते येत नाही. वासा संग्रहालयात आम्हाला चाळीस मिनिटे दिली. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले ते अख्खे लाकडी जहाज आहे. मागच्या भागावरचे कोरीव सिंह आणि योद्धे नीट पाहायलाच अर्धा तास लागतो. वरच्या मजल्यांवर तर आम्ही गेलोच नाही.

हेलसिंकीबद्दल तक्रार नाही. खडकात खोदलेल्या चर्चमध्ये स्थानिक गाईडने फार छान माहिती दिली.

एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये मात्र उलटे घडले. तिथे बंदरापासून जुने शहर पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. हे अख्खे जुने शहर जागतिक वारसा आहे. टाउन हॉलच्या चौकात १४२२ पासून नोंद असलेले औषधाचे दुकान अजून सुरू आहे. अशा ठिकाणी बसची गरजच नव्हती. तरीही आपण बसची सहल वेगळे पैसे घेऊन विकलीत, आधी नव्या शहरातून फिरवले, मग जेवायला नेले आणि जुन्या शहरासाठी तासभर ठेवला. २०२२ पासून क्रूझ जहाजे रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला जात नाहीत, त्यामुळे या मार्गावर आता टॅलिनसारखी बंदरेच मुख्य आकर्षण आहेत. त्यांनाच घाईत उरकल्यावर सहलीत उरते काय?

माझ्या मागण्या अशा. बर्लिनच्या सहलीसाठी तिघांकडून स्वतंत्रपणे घेतलेली पूर्ण रक्कम आणि टॅलिनच्या बसचे पैसे परत करावेत. पेर्गामोनचे छायाचित्र आणि बेटांबद्दलचे वाक्य माहितीपत्रकातून व संकेतस्थळावरून ताबडतोब काढावे. यापुढे प्रत्येक दिवसासमोर बंदराचे खरे नाव, तिथून शहराचे अंतर, बसमध्ये जाणारे तास आणि शहरात प्रत्यक्ष मिळणारे तास छापावेत. भारतीय जेवण ऐच्छिक ठेवावे. ज्यांना ते हवे त्यांनी जरूर घ्यावे, पण परदेशातल्या मोजक्या तासांतला दीड तास सगळ्यांवर लादू नये. पुढच्या हंगामाचे बुकिंग आपण सुरू केले आहे आणि त्यातही 'बर्लिन' तसेच छापलेले मी पाहिले. ज्येष्ठ नागरिक आयुष्यभराची बचत घालून या सहलींना येतात, म्हणून ही दुरुस्ती मला परताव्याइतकीच महत्त्वाची वाटते.

माहितीपत्रकाची प्रत, पावत्या आणि सहलीचे प्रत्यक्ष वेळापत्रक सोबत जोडले आहे. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
जून महिन्यातील बाल्टिक सहलीची एक प्रवासी
पुणे