जकार्डवाल्या घरातल्या पोरानं वाचायची कादंबरी

प्रिय गिऱ्या,

का बे, फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. मागं म्हणालास ना, ऐतिहासिक कादंबरी म्हणजे नुसत्या तलवारी आणि दरबार, वैताग आला. मग 'द डिफरन्स इंजिन' वाच. गिब्सन आणि स्टर्लिंग दोघांनी मिळून लिहिलीय, १९९० ची, इंग्रजी जरा जड आहे हे आधीच सांगतो.

साल १८५५, लंडन. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजचं गणिती यंत्र, म्हणजे डिफरन्स इंजिन, खरंच तयार झालं असं धरून सगळं चालतं, कवी बायरन चक्क पंतप्रधान, सरकार वाफेच्या इंजिनात लोकांच्या नोंदी ठेवतंय, आणि सगळे एका पेटीच्या मागं लागलेत, पेटीत काय तर भोकं पाडलेली कार्डं!

आता ती कार्डं तुला काय समजवायची. तुमच्या कारखान्यात मागावर जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या जोडाची, पुठ्ठ्याची माळ फिरायची, भोक असेल तिथं सुई आत, तेवढेच दोरे वर, की खाली चादरीवर मोर उमटायला लागला. बॅबेजनं कार्डांची आयडिया तिथूनच उचलली, फ्रान्सच्या जकार्डच्या १८०४ च्या मागावरून. त्याच जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र बॅबेजकडं होतं आणि त्या एका चित्राला २४,००० च्या आसपास कार्डं लागलेली. नवीन डिझाईन म्हटलं की कार्डांच्या खर्चावरून तुझे वडील कसे तडकायचे, त्यांना हा आकडा सांगून बघ.

खऱ्या इतिहासात बिचाऱ्या बॅबेजचं काही जमलं नाही. सरकारनं १७,००० पौंडांच्या वर ओतले, कारागिराशी भांडण झालं, १८४२ ला सरकारनं हात वर केले. पण त्याच्याच दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या ड्रॉइंगवरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये ते बनवलं, आणि चाललं की बे! म्हणून कादंबरी नुसती हवेतली वाटत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे, की कॉम्प्युटर शंभर वर्षं आधी आला म्हणून तिथं रामराज्य येत नाही, धूर तोच, नदीची घाण तीच, वर पाळत आणखी. मधे मॅलरी नावाच्या पात्राचा भाग लै रेंगाळतो, तिथं पानं उलटलीस तरी चालेल.

आणि मराठीत हवं असेल तर नारळीकरांची पानिपतची गोष्ट आहेच. विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि पुढं पेशवे विज्ञानाची केंद्रं काढतात. एका बैठकीत होते, आधी तीच वाच.

माझी कॉपी रविवारी पार्क चौकात ये आणि घेऊन जा. पण कव्हर घालून वाच, मागच्या पुस्तकाला शेंगाचटणीचं तेल लावून दिलंयस.

तुझा,
दत्ता