तुमचा ओटा चालू आहे

रविवार, २८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मागे नाशिकला दादाच्या घरचा टीव्ही चालू असतो, आणि आईचा बदललेला गुडघा कसा आहे एवढं विचारेपर्यंत कुणीतरी ‘ठेवू का’ म्हणतं. म्हणून पोराच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसलेय. बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा, पेपर वाचता तसं.

बुधवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं भुसावळला उतरलो, तिथून एसटीनं फैजपूर, पुढे रिक्षा. तुम्ही दादाकडे गेल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, बंद असलेलं आपलं घर उघडायचं म्हणजे धूळ, जाळी, उंदीर अशी तयारी करून आले होते. आत धूळ होतीच. पण ओटा झाडलेला होता. मला वाटलं, शेजारच्या काकूंचं काम.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला बाहेर खोकल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या कुणाचा तरी. मग काड्या मोडल्याचा. पोरगा घाबरून माझ्या गोधडीत शिरला. मी दार उघडलं तर ओट्याखाली पऱ्हाट्यांची शेकोटी पेटलेली आणि भोवती तुमची सगळी मंडळी : नाना, मास्तर, दूधवाले आप्पा, मागच्या गल्लीतले दोघं भाऊ, कानटोप्या घालून. घराला दोन महिने कुलूप होतं, बाबा. यांनी एक दिवस खाडा केलेला नाही. मला बघून नाना म्हणाले, “काव पोरी, कधी आली? चहा टाकते का?” जसं काही मी त्यांच्याच घरात राहायला आलेय.

तेव्हापासून रोज सकाळी पाच कप. पहिल्या दिवशी आप्पांनी घोट घेऊन विचारलं, “साखर टाकली का नुसती दाखोली?” पुण्याची सवय लागली आहे मला, काय करू. दुसऱ्या दिवसापासून दोन चमचे वाढवले. आप्पांची शुगर किती आहे ते मला माहीत नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही.

खरं सांगू का, लहानपणी या आवाजांचा मला राग यायचा. दहावीच्या वर्षी नाताळात मी पुढच्या खोलीत अभ्यास करत होते आणि बाहेर केळीचा भाव, लाईट कधी येणार, कुणाचा बैल लंगडतोय, हेच चाललेलं. मी खिडकी धाडकन लावली होती. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत. नंतर आठ दिवस मंडळी पिंपळाखाली बसली. तिथे वारा किती लागतो ते मला परवा कळलं, पोराला घेऊन तिकडे गेले तेव्हा.

बोलणं अजून तेच आहे. सकाळी पहिला विषय पारा. नानांच्या मोबाईलवर ९ आकडा आला की मास्तर म्हणणार, तो जळगावचा, मळ्यात दोन कमी धर. मग सगळे गप्प, कारण प्रत्येकाच्या डोळ्यापुढे आपापली केळी. पारा १० च्या खाली गेला की केळ वाढायची थांबते, नवं पान पोंग्यातच अडकतं, घड निसवला तरी भरत नाही. याला इथे चरका म्हणतात, हे मी शेतकऱ्याची मुलगी असून चाळिशीत शिकले. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. मागच्या गल्लीतल्या भावांपैकी धाकटे रात्री दोन वाजता केळीला पाणी द्यायला जातात. पोरानं विचारलं, एवढ्या थंडीत पाणी कशाला? तर म्हणाले, विहिरीचं पाणी रात्री कोमट असतं, ते दिलं की जमीन गार पडत नाही, आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला की बागेला पांघरूण होतं. हे सांगताना माणसाचे डोळे लाल झालेले, आणि स्वतःला पांघरूण एक फाटकी शाल. मग बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव. तो रोज कुणीतरी फोनवर बघून सांगतो आणि रोज सगळे त्याला खोटा ठरवतात.

पेपरचं मात्र अवघड झालं आहे. तुम्ही नाही म्हणून वाचायला मास्तर बसतात, आणि ते प्रत्येक बातमीचं शुद्धलेखन तपासतात. अर्धा कॉलम होईपर्यंत शेकोटी विझते. शुक्रवारी माझ्या हातात पेपर दिला. मी वाचला, तर नाना म्हणाले, टीव्हीवाल्या बाईसारखी पळते, आम्हाले समजू तर दे. आणि मी उलट्या क्रमानं वाचला. आधी शेवटून दुसरं पान, निधनवार्ता, मग बाजारभाव, मग राहिलं तर पहिलं पान, ही तुमची पद्धत मला कुणी सांगितलीच नव्हती.

काल आप्पा आले नाहीत. सातपर्यंत वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही, पण दोघं उठून त्यांच्या घराकडे गेले. आप्पा भावाच्या मुलीला आणायला पहाटेच भुसावळला गेले होते. आज सकाळी आल्या आल्या त्यांना अर्धा तास जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, पोराची वही आहे. न सांगता गेला हा गुन्हा. मी पुण्यात ज्या इमारतीत राहते तिथे आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. मी आठ दिवस दिसले नाही तर कळेल ते दूधवाल्याला, तेही बिल थकलं म्हणून.

मास्तरांनी या आठवड्यात फैजपूरचं अधिवेशन काढलंच. दरवर्षी काढतात ना? १९३६ चा डिसेंबर, हेच दिवस, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. नंदलाल बोसांनी बांबूची कमान उभी केलेली. मास्तरांचे वडील बारा वर्षांचे होते, बैलगाडीतून गेले, कडब्यात झोपले. तुम्ही सांगायचात तेव्हा नेहरूंच्या रथाला बैलांच्या सहा जोड्या होत्या. या वर्षी मास्तरांनी आठ केल्या. नाना म्हणाले, दोन जोड्या कुठून आणल्या, बाजारातून? आणि मास्तर रुसले. पोरगा मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, नेहरू आले तेव्हा पण असंच ओट्यावर बसून बोलायचे का सगळे?

शुक्रवारी संध्याकाळी भरीत केलं. म्हणजे मी काहीच केलं नाही. आप्पांनी बामणोदची वांगी आणली, ती मोठी पांढरट हिरवी. तुरकाठ्यांवर भाजली, ठेचायची लाकडी बडजी आपल्याच माळ्यावर सापडली, नानांनी ठेचलं. मी पोराला सांगत होते की जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. नाना ठेचता ठेचता थांबले. “नाव जळगावचं, वांगं बामणोदचं, आन भाजायले आमी.” मिरची तुमच्या प्रमाणात घातली होती. पोरगा दोन पुऱ्यांवर थांबला आणि रात्रभर पाणी पीत होता.

आई, आता तुझ्याकडचं. नऊ वाजता ऊन मागच्या अंगणात आलं की तुझी मंडळी येते. हातात काम असल्याशिवाय बसायचं नाही हा नियम अजून आहे. सध्या तुरीच्या ओल्या शेंगा सोलायचं काम आहे, कधी दादर ज्वारी निवडायची. पहिला प्रश्न रोज एकच, मांडी घालता येते का तिले? मी सांगते, डॉक्टर नको म्हणालेत. मग प्रत्येकीच्या ओळखीत ज्या ज्या बाईचा गुडघा बदलला तिची गोष्ट होते. एक बाई म्हणे केदारनाथला जाऊन आली. दुसरी चुलीपासून उठत नाही. दोन्ही खऱ्या असतील.

आणि एक गोष्ट सांगते, तुला कळलंय असं दाखवू नकोस. आपली तुळस हिरवीगार आहे. रोज पाणी घालतात त्या पलीकडच्या काकू, ज्यांच्याशी तू नळावरून दोन वर्षं बोलत नाहीस. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “तुळशीनं काय भांडण केलं माह्याशी?” आणि आत निघून गेल्या.

आता जे सांगायला बसले होते ते. नोव्हेंबरात दादा तुम्हाला म्हणाला की आता इकडेच राहा, घर भाड्यानं देऊ. तो शब्द माझा होता. मीच त्याला फोनवर म्हटलं होतं, गावात आहे काय त्यांना, नुसतं सकाळी बसून गप्पा. दादा बिचारा बोलला आणि बाबा तुम्ही त्याच्यावर दोन दिवस रुसलात. रुसायचं तर माझ्यावर रुसा. दादाशी काल बोलले, घर भाड्यानं द्यायचा विषय संपला.

काळजी गेलेली नाही, ती राहणारच. म्हणून दोन कामं करून जातेय. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली, आणि ओट्याच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा उद्या लागतो. कठड्यावरून आज सकाळी वाद झाला. नाना म्हणतात, त्यानं बसायची एक जागा जाते. मोजून पाहिलं, जात नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की संक्रांतीच्या आत या. दादा नाशिकरोडला गाडीत बसवून देईल, भुसावळला घ्यायला आप्पा येतो म्हणतात, यावेळी सगळ्यांना सांगून.

आणि बाबा, वाचायचा चष्मा विसरू नका. इथे पाच जणांत मिळून दोनच आहेत, आणि त्यातल्या एकाची काडी काल शेकोटीत पडली.

तुमची,
लेक