नमुना नीट घेतला, तरच डीएनए अहवालाला अर्थ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंभीर गुन्ह्याच्या बातमीच्या शेवटी ‘डीएनए अहवालाची प्रतीक्षा आहे’ हे वाक्य आता नेहमीचे झाले आहे आणि अहवाल आला की सगळा उलगडा होईल, अशी वाचकांची समजूत होत चालली आहे. जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेली अध्यापिका म्हणून मला या समजुतीची काळजी वाटते. कारण अहवाल प्रयोगशाळेत तयार होत असला, तरी त्याचे भवितव्य बरेचसे घटनास्थळी, पहिल्या काही तासांतच ठरून जाते.

तपासणी नेमकी कशाची होते, ते आधी पाहू. माणसामाणसांतला जवळजवळ सगळा डीएनए सारखा असतो. मात्र काही ठिकाणी बहुधा चार अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या चार रासायनिक घटकांचा, एक छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो, हे व्यक्तीगणिक बदलते. ‘टीएच०१’ नावाच्या अशा एका जागी एखाद्याला आईकडून ६ आणि वडिलांकडून ९ आवर्तने मिळाली असतील, तर दुसऱ्याला ७ आणि ८. अशी एकच जोडी कितीतरी लोकांत सापडेल. पण वीसेक जागांच्या जोड्या एकत्र ताडून पाहिल्या, तर एकसारखी जुळी भावंडे वगळता दोन व्यक्तींत त्या सगळ्या जुळण्याची शक्यता नगण्य उरते. सुकलेल्या रक्ताच्या ठिपक्यातला किंवा सिगारेटच्या थोटकावरच्या लाळेतला अत्यल्प डीएनए ‘पीसीआर’ पद्धतीने लक्षावधी पटींनी वाढवता येतो. म्हणूनच हातमोजे न बदलता कोणी दोन वस्तू हाताळल्या, तर चुकून इकडून तिकडे गेलेला कणही तितकाच वाढतो.

डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याच्या तंत्राचा शोध ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लावला. त्याच भागात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि त्यांपैकी एका खुनाची कबुली एका १७ वर्षांच्या मुलाने दिली होती. १९८६ मध्ये झालेल्या चाचणीने तो निर्दोष ठरला. खून करणाऱ्याला शिक्षा होण्याआधी एक निरपराध मुलगा सुटला, हे मला या विज्ञानाचे सर्वांत मोठे देणे वाटते. पुढे पोलिसांनी परिसरातील हजारो पुरुषांचे नमुने तपासले, तरी खरा गुन्हेगार सापडला नाही. कारण त्याच्या नावाने त्याच्या सहकाऱ्याने रक्त दिले होते. चाचणीत खोट नव्हती, नमुनाच दुसऱ्याचा होता. ही बाब उघडकीस आल्यावरच तो पकडला गेला.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी १९८८ च्या सुमारास हे तंत्र स्वतंत्रपणे विकसित केले, त्यामुळे ज्ञानाची उणीव आपल्याकडे नाही. उणीव राहते ती हाताळणीत. रक्ताने भिजलेला कपडा तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर आतल्या दमटपणाने बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच लवकर. तो सावलीत, उन्हापासून दूर वाळवून, स्वतंत्र कागदी पाकिटात घालून, मोहोरबंद करून पाठवायला हवा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोहोचवावा आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही ठेवावी, असे बजावले आहे. सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांतील ठाण्यांत हे पाळले जावे, यासाठी वाहन, शीतपेटी आणि प्रशिक्षण यांची सोय आधी व्हायला हवी.

हा प्रश्न गुन्ह्यांपुरता नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीत बिबट्याचा हल्ला झाला की पिंजरे लागतात, एखादा बिबट्या सापडतो आणि ‘हाच तो’ असे धरून चालले जाते. जखमेवरच्या किंवा फाटलेल्या कपड्यावरच्या लाळेतून हल्ला कोणत्या प्राण्याने केला, हे ओळखता येऊ शकते. जखमीवर उपचार आधी, यात वाद नाही. पण निदान तो कपडा तरी धुऊ वा टाकू नये, हे गावोगावी सांगायला हवे.

द्राक्षाचेही तेच. कॅबरने सॉव्हिन्यों हे वाइनच्या द्राक्षाचे वाण कॅबरने फ्रँक आणि सॉव्हिन्यों ब्लाँ यांचे अपत्य असल्याचे १९९७ मध्ये याच प्रकारच्या चाचणीतून सिद्ध झाले. रोपवाटिकेतून घेतलेले वाण खरे की खोटे, हे बागायतदारालाही पडताळता येते; मात्र डॉगरिज खुंटावर, म्हणजे मुळासाठी वापरलेल्या वेगळ्या जातीवर, कलम केलेल्या वेलीचा नमुना मुळाचा दिला, तर अहवाल खुंटाचा येईल, वाणाचा नव्हे. पान कलमाच्या वरचेच हवे. शिवाय तास-ए-गणेश व सोनाका ही थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेली वाणे असल्याने साध्या चाचणीत ती जुळ्या भावंडांसारखीच सारखी दिसतात, हेही बागायतदारांना आधी माहीत असावे.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, की ‘अहवाल प्रतीक्षेत’ एवढेच न लिहिता नमुना कोणत्या तारखेला घेतला, तो प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला आणि कोणत्या स्थितीत पोहोचला, हे तीन प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी पोलिसांना विचारावेत आणि मिळालेली उत्तरे बातमीत छापावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त अध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक