कळलावी विकताना विषाची चिठ्ठीही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी परसातला वाफा खणताना निघालेले कळलावी या फुलवेलीचे कंद मी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेलो. तेवढ्यात कामाच्या मावशींनी ते उपवासाच्या रताळ्यांत टाकले. सूनबाई रताळी धुवायला बसली, तेव्हा नांगरासारखे वाकलेले, टोकदार दोन तुकडे तिला वेगळे वाटले आणि तिने मला हाक मारली. (संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात, ते या आकारावरूनच.) तिचे लक्ष गेले नसते तर काय झाले असते, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

या झाडाच्या सर्वांगात कोल्चिसिन हे विष असते. कंदात आणि बियांत अधिक. शिजवूनही ते जात नाही. पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, तोवर माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून त्रास व्हायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा आणि कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यायचा. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हा कंद वापरत, त्यावरून कळलावी हे नाव पडले. तो प्रयोग आज कोणीही करू नये.

मी कंद विकत घेतले, तेव्हा रोपवाटिकेत 'सावलीत छान येते' एवढेच सांगितले होते. अर्धवट सावलीपुरते ते खरे आहे. आमच्या लिंबाखाली दुपारचे ऊन लागत नाही, तिथे दुसरे काही फुलत नव्हते. काळ्या मातीत कंद सडतो म्हणून मुरूम आणि वाळू मिसळली, कंद आडवा लावला. पहिल्या पावसानंतर कोंब आला, पानांच्या टोकांनी कुंपण धरत वेल वर गेली आणि महालक्ष्म्यांच्या सुमारास पिवळी-लाल, ज्वाळेसारखी फुले आली. शेजारी म्हणतात, उपटून टाका, घरात भांडणे लागतात. मी उपटणार नाही. वाफ्याला जाळी लावली आहे, दिवाळीनंतर वेल वाळली की तिथे पाटी रोवतो आणि हातमोजे घातल्याशिवाय कंदाला हात लावत नाही.

रोपवाटिकांनी प्रत्येक कंदासोबत 'विषारी' अशी मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी. आपणही बागकामाच्या सदरात या फुलाचा फोटो छापाल, तेव्हा शेजारी कंदाचा फोटो अवश्य छापा. रताळ्याशी घोटाळा होतो तो कंदाचा.

– एक वाचक, अंबाजोगाई