आडगावच्या तात्यांना, त्या जाम चाकाबद्दल

तात्या,

तुम्ही हे असलं काही वाचत नाही माहितीये, पण गॅरेजवरचा तुमचा पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये असतो, तो वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितोय. आणि त्या सकाळी तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते आमच्या चौघांपुरतं राहू नये असंही मनापासून वाटतं.

बाकीच्यांना आधी सांगतो. आम्ही निफाड तालुक्यातल्या सायखेड्याकडची, गोदावरीकाठची पोरं. आमच्याकडे पुराचं गणित असं की गंगापूर धरणाचं पाणी नाशिकमधून येतं आणि दारणेचं पाणी आमच्या वरच्या अंगाला गोदावरीत मिसळतं, म्हणजे दोन्हीकडून सोडलं की सगळं आमच्यावरच, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरलेला, त्यामुळे पाणी लवकर पुढे सरकतच नाही. वरून पानवेली. सायखेड्याच्या पुलाला पानवेली अडकल्या की पाणी तुंबून गावात शिरतं. नाशिकवाले गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघतात, आम्ही तो फोटो आला की सामान माळ्यावर टाकायला लागतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात चांदोरी-सायखेड्यात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. त्यानंतरच ठरवलं होतं की आपली स्वतःची बोट पाहिजे. वर्गणी काढली, रायगडकडून एक जुनी फायबरची बोट घेतली, इंजिन आणि ट्रेलरसकट.

घेताना तिकडच्या खाडीत ट्रेलरसकट पाण्यात उतरवून ट्रायल घेतली आणि तशीच ओली ट्रेलरवर चढवून कसारा घाटातून वर आणली. गावात शेड तयार नव्हती म्हणून आडगावजवळ जत्रा-नांदूर लिंक रोडला ओळखीच्यांच्या प्लॉटवर लावली, पावसात घसरू नये म्हणून हँडब्रेक जोर लावून ओढला आणि निघून आलो. तीन आठवडे ती तिथे तशीच उभी. चूक इथेच झाली होती, पण ती चूक आहे हे आम्हाला तुम्ही सांगेपर्यंत कळलंच नाही.

मग ती जुलैमधली सकाळ. रात्रभर पाऊस, पहाटे मेसेज आला की धरणातून विसर्ग वाढवणार, नदीकाठच्यांनी सावध राहा. साडेसहाला आम्ही प्लॉटवर, बोलेरो लावली, हँडब्रेक सोडला, गाडी पुढे घेतली तर ट्रेलरचं डावं चाक फिरेचना. पहिल्या गिअरमध्ये रेस दिली तर चाक तसंच घसरत आलं, चिखलात लांब रेघ उमटली. मागे घेऊन बघितलं, पुन्हा पुढे, काहीच नाही. एकाने घण आणला, एक म्हणे गॅसवाल्याला बोलवू आणि चाकातला ब्रेकचा ड्रम तापवू, घरून दर पाच मिनिटाला फोन की निघालात का, आणि अशात कुणीतरी तुम्हाला बोलावून आणलं. तुमचं गॅरेज उघडायचंच होतं अजून. अंगावर रेनकोट, हातात चहाचा ग्लास.

तुम्ही पहिलं काय केलं तर त्या पोराच्या हातातून घण काढून घेतला. "बाळा, हे बिडाचं आहे, एक घाव बसला तर दोन तुकडे होतील, मग काय डोक्यावर नेशील का बोट?" एवढंच बोलला आणि खाली वाकून बघायला लागला. गॅसलाही नाही म्हणाला, आत ग्रीस आहे, सील आहे, जळून गेलं तर चाक सुटेल पण बेअरिंग रस्त्यात बसेल.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे की तुम्ही लगेच पाना उचलला नाही. तुम्हीच सांगितलं की मी आयुष्यभर ट्रकचे हवेचे ब्रेक केलेत, असला ट्रेलर कधी उघडला नाही, जरा बघू द्या. आणि मग चिखलात पाठीवर झोपून गाडीला जोडायच्या पुढच्या कपलिंगपासून मागच्या चाकापर्यंत एकेक गोष्ट हाताने चाचपत गेला. दहा मिनिटांत तुम्ही आम्हालाच आमचा ट्रेलर समजावला. पुढची गाडी ब्रेक मारते, मागचं वजन पुढे ढकलतं, त्याने कपलिंगचा दांडा आत सरकतो, तो लिव्हरला दाबतो, लिव्हर रॉडला आणि केबलला ओढते आणि ड्रममधले शू उघडून ड्रमला आतून दाबतात, की चाक थांबतं. हँडब्रेकपण त्याच केबलवर. म्हणजे आम्ही हँडब्रेक खाली केला तरी केबल गंजून नळीत अडकली असेल तर शू तिकडे दाबलेलेच राहणार. तुम्ही लिव्हर वरखाली केली आणि आम्हाला केबल बघायला लावली. उजवी हलत होती, डावी जागची हलत नव्हती.

मग काम. उजव्या चाकाला पुढून-मागून तुमचे ते बाभळीचे ठोकळे लावले, डावी बाजू जॅकवर उचलून खाली टेकूला घोडी दिली, आधी केबलचा नट सैल केला. ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर रबराचं बूच होतं, ते आम्हाला माहितीच नव्हतं, ते काढून आत स्क्रूड्रायव्हर घालून शू जवळ-लांब करणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी चाक एकेक दात मागे घेतलं. गंज सोडवायचं तेल केबलवर आणि नटांवर मारलं पण ड्रमच्या आत एक थेंब जाऊ दिला नाही, शूवरच्या लायनरला, म्हणजे घासणाऱ्या थराला, तेल लागलं की तो ब्रेक गेलाच म्हणाला. आणि मग छोटी हातोडी, मध्ये लाकडाचा तुकडा धरून ड्रमच्या कडेने गोल गोल हलके ठोके. दोन ठोके, थोडं फिरवून बघायचं, पुन्हा दोन ठोके. आम्ही सगळे घाईला आलेलो आणि तुमचा हात मात्र एकाच चालीत. आवाज आधी थड थड येत होता. वीसेक मिनिटांनी एकदम टण्ण वाजलं आणि तुम्ही मान वर करून म्हणाला, "सुटलं."

ड्रम काढला तर आत बघायला नको असं झालेलं. एका शूचं लायनर पूर्ण उखडून ड्रमलाच चिकटून बसलं होतं. खाडीचं खारं पाणी आत राहिलं, त्यावर हँडब्रेकने शू तीन आठवडे ड्रमवर दाबून धरलेले, गंजाने दोन्ही एक करून टाकले. समुद्राच्या पाण्यातून काढल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने आतपर्यंत धुवायचा असतो हे तेव्हा तुम्ही पहिल्यांदा सांगितलं.

पुढचं तुम्ही जे केलं त्याला डोकं लागतं. डावीकडे ब्रेक लागणार नाही आणि उजवीकडे लागेल तर ट्रेलर एका अंगाला ओढेल, म्हणून उजवीकडची केबलपण सोडून ठेवली. मग वजन कमी करायला लावलं, इंजिन, पेट्रोलचे कॅन, दोर सगळं दुसऱ्या गाडीत. रस्ता सपाट आहे, तीसच्या वर जायचं नाही, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, आणि पूर संपला की ट्रेलर सरळ माझ्याकडे, असाच वापरायचा नाही, हे तुम्ही ड्रायव्हरकडून कबूल करून घेतलं. बेअरिंग पुसून नवीन ग्रीस भरलं, नट घट्ट करताना चाक फिरवत राहिला, मग जरासा सैल केला आणि नट सुटू नये म्हणून असते ती स्प्लिट पिन नवी टाकली. जुनी वाकडी करून परत घालू का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

आणि तात्या, एवढं करून तुम्ही घरी जाऊ शकत होता. गॅरेजवर दोन ट्रक उभे होते तुमचे. तरी भर पावसात स्कूटरवर आमच्या मागे ओढा गावापर्यंत आला, तिथे गाडी थांबवायला लावून दोन्ही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या बेअरिंगच्या भागावर, हात टेकवून बघितला. हात ठेवता येतोय म्हणजे ठीक आहे, जा आता. पैसे विचारले तर हातानेच नाही म्हणाला आणि वळून निघून गेला. लाखलगाव, चांदोरी करत आम्ही साडेदहाला नदीवर पोचलो. दुपारी पाणी वाढलं तेव्हा नदीपलीकडच्या मळ्यातल्या वस्तीवरून अकरा माणसं बोटीतून काढली, त्यात एक बाळंतीण आणि तिचं नऊ दिवसांचं बाळ होतं. ती वस्ती संध्याकाळी पाण्यात होती. आम्ही तासभर जरी अजून घण आणि गॅस करत बसलो असतो तर काय झालं असतं ते मी अजून रात्री झोपताना मोजतो.

पाणी उतरल्यावर कबूल केल्याप्रमाणे ट्रेलर तुमच्याकडे आणला. दोन्ही बाजूंचे शू नवीन लायनर लावून घेतले, दोन्ही केबल बदलल्या, बेअरिंग साध्या दुकानात मिळाले आणि तेव्हा तुम्ही पैसे घेतले, तेही सामानाचे आणि वाजवी मजुरीचे. पण त्याहून मोठं म्हणजे तुम्ही पोरांना बसवून शिकवलं. लांबून ट्रेलर ओढत आणला की हब गरम असतो, तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते, म्हणून घाटावर आधी थांबायचं, हाताने बघायचं, मग उतरवायचं. आता सगळ्यांना पाठ झालंय हे.

शेड झाली आता. ट्रेलर तिथे उभा आहे, हँडब्रेक सोडलेला, चाकांना ठोकळे. दर रविवारी दोघं मिळून हाताने दोन-चार हात पुढेमागे ढकलतात आणि दोन्ही चाकं फिरतात का बघतात.

त्यातले दोन ठोकळे तुमचे आहेत तात्या. त्या दिवशी गडबडीत आमच्या गाडीत आले आणि द्यायचे राहून गेले. येत्या रविवारी घेऊन येतो, सोबत मळ्यातली मक्याची कणसं आणतोय आणि ती बाळंतीणपण यायचं म्हणतेय बाळाला घेऊन, तिला तुम्हाला बघायचंय. सकाळी दहाच्या आत गॅरेजवर असाल ना?

तुमचीच,
सायखेड्याची पोरं