तिबेटी रक्त दाट नसते

रविवार पुरवणीतील तिबेटच्या पठारावरचा लेख वाचनीय होता. मात्र ‘विरळ हवेमुळे तिबेटी लोकांचे रक्त दाट झालेले असते’ हे त्यातील विधान खटकले. प्रत्यक्ष मोजमापे उलटच सांगतात.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ सिंथिया बील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार हजार मीटर उंचीवरील तिबेटी आणि बोलिव्हियातील आयमारा लोकवस्त्यांत जाऊन रक्त व श्वास मोजले. आयमारा पुरुषांचे हिमोग्लोबिन (ते वाढले की रक्त दाट होते) दर १०० मिलीलिटर रक्तात सरासरी १९.२ ग्रॅम भरले, तिबेटी पुरुषांचे १५.६, म्हणजे जवळपास समुद्रकाठच्या माणसाइतकेच! दाट रक्त ही अँडीजची, म्हणजे आयमारा राहतात त्या दक्षिण अमेरिकी पर्वतरांगेची तऱ्हा. तिबेटी माणसाचा भर श्वासावर असतो. स्वस्थ बसलेला असताना तो मिनिटाला सुमारे १५ लिटर हवा घेतो, तर आयमारा माणूस साधारण साडेदहा लिटर.

हा फरक किरकोळ नाही. दाट रक्त पुढे ढकलताना हृदयावर ताण येतो. अँडीजमध्ये आढळणारा दीर्घकालीन पर्वतीय आजार तिबेटींमध्ये क्वचितच दिसतो, त्याचे हेही एक कारण. २०१० मध्ये ‘ईपीएएस१’ या, कमी प्राणवायूला शरीर कसा प्रतिसाद देते हे ठरवण्यात वाटा असलेल्या जनुकाचा तिबेटी प्रकार उजेडात आला आणि हिमोग्लोबिन कमी राहण्याचा बराचसा उलगडा झाला. लेखात त्या जनुकाला अख्खा परिच्छेद मिळाला आहे. त्याआधी वर्षानुवर्षे उंचावरच्या वस्त्यांत उपकरणे नेऊन एकेकाचा श्वास मोजणाऱ्यांसाठी एक ओळही नसावी, याचे नवल वाटले.

– एक वाचक, सातारा